पापडाच्या हिशेबात न धरलेले तास



पावसाळ्यात पापड वाळत नाही, हे आपल्यापैकी कुणाला वेगळं सांगायला नको. लाटलेला पापड ओलसर राहिला की दोन दिवसांत त्याला वास लागतो, मग बुरशी धरते. लीलन-फूलनचे सूक्ष्म जीव त्यात उत्पन्न होतात, म्हणून तो आपल्याला चालत नाही. आपण काय करतो? चैत्र-वैशाखात वाळवणं उरकतो, डबे भरून ठेवतो आणि चातुर्मास लागला की पापडाचा विषय बंद. ज्या बाईचं घर चार पापडांवर चालतं, तिला मात्र चार महिने विषय बंद करून कसं चालेल?

ही अडचण मुंबईतल्या सात बायकांना १९५९ साली आली होती. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर त्या पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या ओळखीच्या दुकानदाराकडे गेली. आज ज्याला आपण लिज्जत पापड म्हणतो, त्याची ही सुरुवात. त्या वर्षी पाऊस लागला तेव्हा त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. पाऊस पडत राहिला आणि पापड वाळत राहिले.

एवढीच युक्ती. ना पेटंट, ना कारखाना, ना कुठला इंजिनीयर. एक खाट आणि एक स्टोव्ह. तरी मला वाटतं, आजकाल ज्याला मोठ्या शब्दांत नवकल्पना आणि उद्योजकता म्हणतात, तिचं यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्या स्वयंपाकघराच्या जवळ दुसरं सापडणार नाही. त्या युक्तीबद्दल मला लिहायचं आहेच. पण त्याहून जास्त लिहायचं आहे ते त्या सातजणींच्या वहीबद्दल, कारण युक्त्या आपल्याकडे रग्गड आहेत, वही नाही.

आधी युक्त्यांचं बोलू. जैन घर म्हणजे अडचणींतून वाट काढणारं घर. आपण त्याला जयणा म्हणतो. काम तर करायचं, पण जीव जपून करायचं, म्हटलं की डोकं चालवावंच लागतं. पाणी गाळायचं, मग गाळलेल्या पाण्यातले जीव गळण्यावर अडकले त्यांचं काय? ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत पोचवायचे. विहिरीत वरून ओतलं तर ते आपटून मरतील. म्हणून कुणीतरी बादलीच्या बुडाला कडी लावली. बादली दोरीनं अलगद पाण्यापर्यंत सोडायची आणि तिथं उलटी करायची. ही बादली कुणी पहिल्यांदा केली त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. बटाटा नाही तर कच्ची केळी, हे कुणी पहिल्यांदा केलं? आज प्रत्येक हॉटेलच्या पाटीवर ‘जैन पावभाजी’ लिहिलेली असते. त्या दोन शब्दांमागे कितीतरी आज्या-पणज्यांची अक्कल आहे, आणि त्यावर धंदा भलत्यांचाच होतो.

आपल्या हातची युक्ती धंदा का होत नाही? मला तरी एकच कारण दिसतं. आपण तिला किंमत लावत नाही, आणि लावलीच तर त्यात स्वतःला धरत नाही.

वाणिज्य शाखेत शिकताना कॉस्टिंग नावाचा विषय होता. त्यातलं पुष्कळ विसरायला झालं, पण एक गोष्ट पक्की राहिली. वस्तूची किंमत म्हणजे माल, मजुरी आणि वरखर्च. तिघांतला एक जरी सोडला तरी तो हिशेब नव्हे, ती आपण आपली केलेली फसवणूक. आता आपल्या समाजातल्या घरून पापड करून देणाऱ्या बाईचा हिशेब मांडून बघू. आकडे मी समजुतीसाठी धरते आहे, तुमच्या गावच्या भावाप्रमाणे बदलून घ्या.

समजा, तिनं पाच किलो उडदाचे पापड करून दिले. डाळीचं पीठ, मिरी, हिंग, पापडखार, तेल मिळून १,००० रुपये. दळण, गॅस, पिशव्या यांचे १०० रुपये. झाले १,१००. ती २६० रुपये किलोनं देते, म्हणजे तिच्या हातात १,३०० येतात. २०० रुपये सुटले, असं ती म्हणते आणि आपणही म्हणतो. पण तास मोजा. डाळ निवडणं, दळून आणणं, पीठ तिंबणं, कुटणं, लाट्या करणं, चारेकशे पापड लाटणं, पालटून पालटून वाळवणं, मोजून भरणं. सगळं धरून सोळा तास तरी जातात. २०० भागिले १६ म्हणजे तासाला साडेबारा रुपये. उरलेला पापड, तुटलेला पापड, अचानक आलेल्या पावसात भिजलेला पापड यांची तूट तर यात धरलेलीच नाही.

आता तासाला अवघे ४० रुपये धरा. सोळा तासांचे ६४० झाले. १,१०० मध्ये मिळवले की १,७४०. तुटीचे ६० धरले की १,८००. म्हणजे किलोला ३६० रुपये. २६० आणि ३६० यांत शंभराचा फरक. एका घराला वर्षाला पाच किलो पापड लागत असतील तर फरक ५०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला ४२ रुपये. एवढ्या पैशासाठी आपण तिच्याशी दारात दहा मिनिटं घासाघीस करतो. ‘घरीच तर बसलेली असतेस’ हे वाक्यही त्याच दारात ऐकू येतं.

मी राहते ते अंकुशनगर समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवतीचं. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की उसाच्या गाड्या काट्यावर चढतात, वजनाची पावती शेतकऱ्याच्या हातात पडते आणि टनाला काय दर मिळणार यावर सगळा अंबड तालुका बोलत असतो. कुणी शेतकऱ्याला म्हणत नाही, की बाबा, ऊस तर जमिनीतून आपोआपच येतो, दर कशाला मागतोस? काटा आहे म्हणून वजन आहे, वजन आहे म्हणून दर आहे, आणि दर कमी वाटला तर भांडायला जागा आहे. पापडाला असा काटा नाही. तिचे सोळा तास कुठंच चढत नाहीत.

लिज्जतच्या बायकांनी हा काटा पहिल्या वर्षापासून ठेवला. ज्या पारेखांना त्या छगनबापा म्हणत, त्यांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या. बायका सुरुवातीला दोन प्रकारचे पापड करणार होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. छगनबापांनी सांगितलं की हलका माल करायचाच नाही. दुसरी गोष्ट अशी, की हे काम धंदा म्हणून चालवायचं आणि हिशेब चोख ठेवायचा. बायकांनीही ठरवलं की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली, हा आकडा आज आपल्याला ठाऊक आहे कारण तो तेव्हा लिहून ठेवला गेला. तुटके पापड शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले जायचे, पाकिटात जायचे नाहीत.

पुढं बायका वाढल्या. पहिल्या तीन महिन्यांत पंचवीस, दुसऱ्या वर्षाअखेर दीडशे, तिसऱ्या वर्षाअखेर तीनशेच्या वर. गच्ची पुरेना. ही पुन्हा एक अडचण, आणि पुन्हा उत्तर घरगुतीच. तिंबलेलं पीठ बहिणींनी घरी न्यायचं, आपल्या ओट्यावर लाटायचं, वाळवायचं आणि पापड आणून वजन करून द्यायचे. ज्या बाईला लहान मूल सोडून किंवा सासूला एकटं ठेवून बाहेर पडता येत नव्हतं, तिच्या घरी काम चालत आलं. १९६२ मध्ये लिज्जत हे नाव ठरलं, तेही बायकांत स्पर्धा घेऊन. बक्षीस होतं पाच रुपये. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. आज हजारो बहिणी तिच्या सभासद आहेत, आणि सभासद म्हणजेच मालक. लाटण्याची मजुरी वेगळी, नफ्यातला वाटा वेगळा. २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या.

आता सांगा, यात खरा शोध कुठला? खाटेखालचा स्टोव्ह हा शोध होताच. पण माझ्या मते त्याहून मोठा शोध म्हणजे लाटण्याच्या मजुरीला स्वतंत्र रकाना देणं. नफा झाला नाही तरी मजुरी मिळणारच. आपल्या घरांत याच्या उलट असतं. माल वजा जाता जे उरेल ते बाईचं, आणि काही उरलं नाही तर ‘हौस होती’ म्हणायचं.

दुसरं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं. दुष्काळी माण तालुका. तिथं लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला पालात राहणारी एक बाई होती. पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम इतकी लहान, की बँका तिचं खातं उघडायला तयार होईनात. कर्ज नाही, फक्त स्वतःचे पैसे ठेवायला जागा हवी होती. चेतना गाला सिन्हा यांनी ठरवलं, की मग बायकांची बँकच काढू. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांनी सही म्हणून अंगठे उठवले होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि परत गेल्या. अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं, आम्हाला व्याज काढायला सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय काढतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर घेऊन काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बायकांना बाजार सोडून बँकेत यायला वेळ नाही, तर बँकेची माणसं त्यांच्याकडे जाऊ लागली.

या गोष्टीत मला सगळ्यात काय आवडतं सांगू? अडचण कुठल्या तज्ज्ञानं शोधली नाही. प्लॅस्टिकच्या कागदाला पैसे हवेत, एवढं साधं वाक्य होतं ते. आपल्या घरात, स्थानकाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत अशी वाक्यं आपण रोज ऐकतो. ऐकून ‘बिचारी’ म्हणतो आणि पुढं जातो.

तिसरं उदाहरण आपल्या शेजारचंच. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात शेतकरी बायका सोलर ड्रायरवर भाजीपाला वाळवतात. एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी हे काम करते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत शिकलेल्या मुलामुलींनी ती काढली. त्यांतले वैभव तिडके मराठवाड्यातलेच. बाजारात ज्याला भाव नाही, जो माल उकिरड्यावर जाणार, तो बायकांनी चिरून वाळवायचा आणि कंपनीनं घ्यायचा. २०२३ मध्ये या कामाला अर्थशॉट हा जागतिक पुरस्कार मिळाला. आता त्यांचा बराच माल कांदा-आल्याचा, तो काही आपल्या डब्यात यायचा नाही! पण युक्ती आपल्या कामाची आहे. उघड्या गच्चीवरच्या वाळवणावर माश्या बसतात, धूळ येते, किडा-मुंगी चिकटून मरते. बंद, झाकलेल्या पेटीत वाळवलं तर हे टळतं. जयणा पाळली जाते आणि मालही स्वच्छ निघतो. मेथी, गवार, कैरी, कच्च्या केळीचे काप, सांडगे यांसाठी एखाद्या संघानं किंवा महिला मंडळानं मिळून अशी पेटी घ्यायला काय हरकत आहे? पंखे आणि भांडी भेट देणारे दाते आपल्याकडे भरपूर आहेत.

इथं काही बहिणी म्हणतील, की आपला धर्म संतोष शिकवतो, अपरिग्रह शिकवतो, तुम्ही हा पैसा-पैसा काय लावलाय? त्यांच्यासाठी उपासकदशांग सूत्रातल्या सकडालपुत्राची आठवण करून देते. पोलासपूरचा हा कुंभार. गावाबाहेर त्याची ५०० दुकानं होती. तो गोशालकाचा अनुयायी, सगळं नियतीनं ठरलेलं आहे, माणसाच्या प्रयत्नानं काही होत नाही, असं मानणारा. वाऱ्यावर सुकलेली मडकी तो उन्हात मांडत होता, तेव्हा भगवान महावीरांनी त्याला विचारलं, की ही मडकी प्रयत्नानं झाली की प्रयत्नाशिवाय? तो म्हणाला, प्रयत्नाशिवाय. मग भगवंतांनी विचारलं, कुणी ही मडकी चोरली, फोडली, तर तू काय करशील? तो म्हणाला, मी त्याला शिक्षा करीन. नियतीनंच सगळं होत असेल तर शिक्षा कसली? सकडालपुत्राला उमगलं. तो श्रावक झाला, त्याची पत्नी अग्निमित्रा श्राविका झाली.

प्रवचनात ही कथा पुरुषार्थ समजावायला सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भगवंतांनी उपदेशाला उदाहरण म्हणून त्याच्या हातातलं कामच घेतलं. मडक्यात त्याची मेहनत आहे, हे मान्य करण्यापासून त्याचा धर्म सुरू झाला. आणि आपण? पापडात तिची मेहनत आहे हे मान्य करायला तयार नाही. पापड जणू नियतीनंच लाटला!

अपरिग्रहाचं म्हणाल तर परिग्रह म्हणजे गरजेपलीकडची साठवण. घामाची मजुरी हा परिग्रह नव्हे. उलट दुसऱ्याची मजुरी आपल्याकडे राखून ठेवणं हाच परिग्रह झाला. पहिल्या अणुव्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यात अतिभार आहे, म्हणजे आश्रितावर ताकदीबाहेर ओझं लादणं. तिसऱ्या व्रतात खोटं तोल-माप आहे. सोळा तासांचं काम घेऊन पाच तासांचे पैसे देणं यांत कुठं बसतं, याचा विचार ज्यानं त्यानं करावा. मी काही म.सा. नाही, पण हिशेब मला कळतो.

सगळ्यात खटकणारी गोष्ट आता लिहिते. पर्युषण आलं की आपण साधर्मिक भक्ती करतो. गरजू जैन घरांना धान्याचे किट, साडी, पाकीट. देणाऱ्याची नावं पाटीवर लागतात. चांगलं काम आहे, माझा विरोध नाही. पण ज्या बहिणीला आपण सप्टेंबरात २,००० रुपयांचं किट देतो, तीच एप्रिलमध्ये आपल्या दारात पापड-खाकरे घेऊन आलेली असते, आणि तेव्हा आपण किलोमागं शंभर रुपये तोडलेले असतात. तिच्याकडून समाजातल्या वीस घरांनी पाच-पाच किलो घेतले तर तिचे १०,००० रुपये आपण आधीच ठेवून घेतले. त्यातले दोन परत दिले आणि वर फोटो काढला. हे साधर्मिक वात्सल्य म्हणायचं का? लिज्जतच्या बायकांनी देणगी नाकारली ती गर्वानं नाही. घेणाऱ्या हाताला खाली ठेवायचं नव्हतं म्हणून नाकारली.

काहीजणी म्हणतील, मशीनचा पापड दुकानात स्वस्त मिळतो, मग महाग का घ्यावा? मिळतो, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी तो खुशाल घ्यावा. पण आपल्याला हाताचा हवा असतो, सूर्यास्ताच्या आत केलेला, पाणी गाळून केलेला, काळ-मर्यादा सांभाळून केलेला. शुद्धतेची ही खात्री दुकान देत नाही, ती बहीण देते. मग खात्री तिची आणि भाव दुकानाचा, हे कसं जमेल?

म्हणून माझं म्हणणं दोन बाजूंना आहे. करणाऱ्या बहिणींनो, एक दोनशे पानी वही घ्या. पानावर तीन रकाने पाडा, माल, तास, वरखर्च. एक महिनाभर फक्त लिहा, भाव वाढवू नका. महिनाअखेरी तुमचा तासाचा दर तुम्हालाच दिसेल, आणि मग भाव सांगताना आवाज कापणार नाही. एकटीनं भाव वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून गावातल्या चौघी-पाचजणी मिळून एकच भाव ठरवा. हलका माल करू नका. आणि एखादी युक्ती सुचली, खाटेखालच्या स्टोव्हसारखी, तर ती एकमेकींना सांगा. दिवा दिव्यानं लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही.

घेणाऱ्या बहिणींनो, तुम्ही महिला मंडळांत आहात, ट्रस्टवर तुमची माणसं आहेत. यंदा किट वाटण्याआधी एक यादी करा, आपल्या संघात कोणकोण काय करून विकतं त्याची. लग्नाचा, तपाच्या पारण्याचा, स्वामीवात्सल्याचा माल त्यांच्याकडून घ्या, तासांचे पैसे धरून घ्या, आणि रोख द्या. उधारी ठेवून तिला चार चकरा मारायला लावू नका. त्यानंतरही ज्या घरात करणारे हातच नाहीत, म्हातारी-आजारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी किट आहेच, आणि तेव्हा ते खऱ्या गरजेच्या घरी पोचेल.

यंदाची वाळवणं लवकरच सुरू होतील. दारात कुणी पापड घेऊन आली तर भाव विचारण्याआधी विचारा, ‘ताई, किती तास लागले?’ बहुतेकींना उत्तर देता येणार नाही, कारण हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेलाच नाही.

जय जिनेंद्र.